कारंज्यापर्यंत न थांबता

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, किन्हीराजाच्या अलीकडच्या वळणावर, दौलतराव पाटलांची जीप बंद पडली.

आधी दोन आचके बसले. मग इंजिनाचा आवाज पातळ होत गेला आणि गाडी आपल्याच वेगावर थोडी पुढे जाऊन थांबली. भिवाजी खिल्लारेने ती रस्त्याच्या कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिला. त्याच्या शेजारी दौलतरावांच्या आई कस्तुराबाई होत्या. मागच्या बाकावर दौलतराव.

"झालं?" दौलतरावांनी विचारलं.

भिवाजीने स्टार्टर पुन्हा एकदा दाबून पाहिला.

"म्या इचारलं, झालं का?"

"पाह्यतो, पाटील."

"पाह्य. पण आता ऊन नाई बरं. आता कायचं नाव सांगशील?"

हेच भिवाजीच्याही मनात चाललं होतं. होळीपासून जीप रस्त्यात थांबत होती आणि दर वेळी त्याने उन्हाचं नाव सांगितलं होतं. पेट्रोल तापतं, नळीतच त्याची वाफ होते आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. लष्करात असताना राजस्थानच्या वाळूत त्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. इथेही लक्षणं तीच होती. जीप आठ-दहा मैल नीट चालायची आणि मग बंद पडायची. बॉनेट उघडून पंपावर ओलं पोतं ठेवायचं, अर्धा तास बाभळीखाली थांबायचं, की पुन्हा सुरू. म्हणूनच आज तो मुद्दाम अंधारात निघाला होता. अजून उजाडायचं होतं. वारा नव्हता, नुसता गारवा होता. आणि जीप थांबली होती.

जीप लष्कराच्या लिलावातली. भिवाजीही एका अर्थाने लष्करातून मोकळा झालेला. बारा वर्षं ड्रायव्हर म्हणून नोकरी करून तो वाशिमकडच्या मालेगावला परतला, त्याच्या पुढच्याच वर्षी दौलतरावांनी जीप घेतली आणि ती चालवणारा गावात तो एकटाच होता. त्याचे वडील ग्यानबा याच घरी सालदार होते. ते गोठ्याच्या पुढे कधी गेले नाहीत आणि त्यांना पूर्ण नावाने कोणी हाक मारली नाही. भिवाजी मात्र ड्रायव्हर झाला. मागच्या बाकावर कंबर दुखते म्हणून कस्तुराबाई पुढे, त्याच्या शेजारी बसू लागल्या. घराच्या ओट्यावर ही गोष्ट घडली नसती. जीपमध्ये ती रोज घडत होती आणि आठ वर्षांत त्यावर कोणी काही बोललं नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास पेट्रोलचा भाव एकदम चढला, तेव्हापासून दौलतरावांचं जीपवरून मन उडालं. त्यात हे थांबणं सुरू झालं. शिरपूरच्या बाजाराला जाताना थांबली, वाशिमला कचेरीत जाताना थांबली, एकदा तर व्याह्यांना आणायला गेली आणि व्याह्यांना घेऊन थांबली. कारंज्याच्या एका व्यापाऱ्याला कापसाच्या फेऱ्यांसाठी जीप हवीच होती. दौलतरावांनी त्याला शनिवारी येतो म्हणून कळवलं आणि भिवाजीला समोर उभं करून सांगितलं, "नवीन पंप मी घेऊन देत नाई. अकोल्याचा मिस्तरीबी बोलावत नाई. तुह्याजवळ आठ दिवस हायेत, अथीच जे जमते ते कर. शनिवारी कारंज्यापर्यंत न थांबता गेली तं ठेवू. थांबली तं तथीच सोडून देतो अन यष्टीनं वापस येतो."

"अन मी, पाटील?"

"तू काय? वावर हाये ना. कामाले काय कमी हाये?"

म्हणजे भिवाजी पुन्हा गोठ्यापाशी. हे दौलतरावांच्या मनात होतं की नव्हतं, सांगता येत नाही. भिवाजीला मात्र ते तेवढंच ऐकू आलं.

आठ दिवस त्याने जमेल ते केलं. नवा पंप नव्हता, तेव्हा जुनाच उघडला. आतला पातळ पडदा दमला होता. मोंढ्यात निकामी पडलेल्या एका ट्रकच्या पंपातला पडदा मोठा होता, तो त्याने कापून बेताचा केला. पेट्रोलची नळी इंजिनाच्या तापलेल्या बाजूने जात होती. ती काढून टाकली आणि फवारणीच्या मोडक्या पंपातली तांब्याची नळी आणून दुसऱ्या बाजूने फिरवली, वर सुतळी गुंडाळली. जुन्या नळीपेक्षा ही जाड होती, म्हणजे पेट्रोल जास्त येणार. गाळणीची काचेची वाटी एका सोडून दिलेल्या ट्रॅक्टरची. तिच्या आतली जाळी मात्र फाटलेली होती.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरासमोर दगडावर हे सगळं मांडून बसला असताना त्याची बायको पंचफुला कामावरून आली.

"अवं, तुह्यं एखादं जुनं मलमलचं लुगडं हाये का?"

"काहून? जीप नेसनार हाये?"

"गाळणीले तुकडा पाह्यजे."

"एकच हाये मलमलचं. भावानं देल्लं." ती आत गेली, बराच वेळ पेटीत खुडबुड ऐकू आली. मग ती पदराचा हातभर तुकडा घेऊन बाहेर आली. "घ्या. माह्यासाठी आठ दिवसांत येवढं कधी जागले नाई तुमी. मी जीप असते तं बरं झालं असतं."

"तू थांबत नाई ना कुठी. थांबली असती तं जागलो असतो."

ती हसली. मग त्याच्या शेजारी बसून तिने तुकडा दुहेरी केला आणि कडा शिवून दिल्या. शिवता शिवता विचारलं, "उद्या थांबली तं?"

"नाई थांबत."

"मी 'थांबली तं' इचारून राह्यली."

भिवाजीने पंपाचे स्क्रू आवळले.

आणि आता ती थांबली होती.

भिवाजीने बॉनेट उघडलं. पंपाला हात लावला. गार. नळीला हात लावला. गार. कार्ब्युरेटरची नळी सोडली तर थेंब नाही. पंपाला हाताने चालवायची एक छोटी दांडी असते, ती त्याने चालवून पाहिली. दांडी जड लागत होती. पंप ओढत होता, पण येत काही नव्हतं. गाळणीच्या काचेच्या वाटीत तळाला बोटभर पेट्रोल होतं आणि ते वाढत नव्हतं.

मागून घुंगरांचा आवाज आला. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा भाऊसिंग बैलगाडी घेऊन येत होता. ओळखीचा माणूस. त्याने गाडी थांबवली, खाली उतरला नाही.

"राम राम, पाटील! बैल जुपू का? माहे बैल रिकामेच हायेत."

"जाय ना बाप्पा आपल्या वाटेनं," दौलतराव म्हणाले.

"नाई, शेलूबाजारापर्यंत नेऊन देतो म्हनलं. बैल पुढं, जीप मांगं, तुमी जीपमधी बसेल. पाह्यणाऱ्याले वाटंल वरात हाये."

"भाऊसिंग, माही माय बसेल हाये."

"मंग तं सोय झाली. मोठ्या मायले धक्का लागनार नाई."

कस्तुराबाई हसल्या. दौलतराव हसले नाहीत. ते खाली उतरून भिवाजीजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पेट्रोल तरी हाये का टाकीत?"

"काल भरलं, पाटील. तुमच्यासमोर."

"काल भरलं ते मले माहीत हाये. आज हाये का?"

भिवाजीने वर पाहिलं. या प्रश्नाचा अर्थ दोघांनाही कळत होता. भाव वाढल्यापासून मालेगावात दोन ड्रायव्हरांना पेट्रोल विकल्याच्या संशयावरून काढलं होतं. दौलतरावांनी आजवर तो शब्द काढला नव्हता. आताही काढला नाही.

"काडी टाकून पाहा, पाटील. तुमीच पाहा," भिवाजी म्हणाला.

जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. भिवाजीने सीट उचलली, बाजूला ठेवली आणि टाकीचं झाकण फिरवलं.

झाकण सुटलं तसा आवाज आला. दम धरून राहिलेल्या माणसाने श्वास आत ओढावा तसा, लांब. मग टाकीच्या पत्र्याने आतून एकदा टण केलं. पहाट होती, इंजिन बंद होतं, वारा नव्हता, भाऊसिंगचे बैलसुद्धा त्या क्षणी उभे होते. म्हणून तो आवाज सगळ्यांनी ऐकला. होळीपासून जीप इतक्या वेळा थांबली होती, पण भिवाजी दर वेळी आधी बॉनेटकडे धावला होता. थांबल्या थांबल्या झाकण त्याने कधी उघडलंच नव्हतं.

दौलतरावांनी काडी टाकली. काडी अर्ध्यावर ओली झाली. पेट्रोल होतं.

भिवाजीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो धावत पुढे गेला, पंपाची दांडी चालवली. ती आता हलकी लागली. काचेची वाटी भरली, नळीतून पेट्रोल आलं, त्याच्या बोटांवरून खाली सांडलं.

"सांडू नको!" दौलतराव ओरडले.

भिवाजी परत आला. झाकण उचलून त्याने उजाडत्या आभाळाकडे धरलं. टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल जितकं खर्च होतं तितकी हवा त्या भोकातून आत यावी लागते. हवा आली नाही, तर पंप ओढतच राहतो आणि टाकी पेट्रोल सोडत नाही. जीप अर्धा तास उभी राहिली की हवा कुठून तरी झिरपते, मग पुन्हा चालू. उन्हाचा काही संबंध नव्हता. ओल्या पोत्याचा तर नव्हताच.

भोकातून उजेड दिसत नव्हता.

त्याने नखाने खरवडलं. तांबूस काळी खपली निघाली. ती बोटांत चोळून त्याने वास घेतला. ही वस्तू त्याला ओळखीची होती. विळ्याची मूठ बसवताना घरोघर वापरतात ती.

"भोक बुजलं होतं, पाटील. हवा जात नव्हती."

"कायनं बुजलं?"

भिवाजीने तळहात पुढे केला. दौलतरावांनी खपली उचलली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"लाख? टाकीच्या झाकणाले लाख कुठून येईल? हे आपोआप लागत नाई, भिवाजी. हे कोनं तरी लावेल हाये. अन जीपले तुह्याशिवाय हात लावते कोन?"

भिवाजी उभा राहिला. खोटं बोलावं लागेल असं त्याच्याकडे काही नव्हतं आणि खरं सांगावं असंही काही नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं. भाऊसिंग गाडीवरून खाली उतरला होता आणि कासरा हातात धरून पाहत होता.

"म्या लावली," कस्तुराबाई पुढच्या सीटवरून म्हणाल्या.

दौलतराव वळले. "काय?"

"लाख म्या लावली म्हनलं. त्याच्यावर कायले ओरडू राह्यला?"

"तू? काहून?"

"पेट्रोल उडून जात होतं म्हनून. तूच नाई का घरात रोज बोंबलत, की पेट्रोल लय महाग झालं, लय महाग झालं? गव्हाच्या सोंगणीले विळ्याच्या मुठी बसवत होती मी. हा जीप धूत होता, सीट काहाडून ठेवेल होती. पाह्यते तं झाकणाले भोक! अन त्या भोकातून निरा वास. वास येते म्हंजे उडून राह्यलं ना? हिंगाच्या डब्बीले कोनी भोक ठेवते का?"

"माय, ते भोक कंपनीनं ठेवेल हाये!"

"ठेवलं असंल. कंपनीच्या बापाचं काय जाते? पेट्रोल आपलं उडते."

भाऊसिंगने तोंडावर मुंडाशाचं टोक धरलं, पण खांदे हलत होते. भिवाजीला मात्र वेगळीच शंका आली.

"मोठी माय, लाख पातळ कशी केली? अथी टाकीजवळ विस्तव आनला होता?"

"येडा हाये का? चुलीवर पळीत पातळ केली अन पळी घेऊन आली. एक थेंब टाकला, झालं."

भिवाजी मटकन जीपच्या पायरीवर बसला. गरम पळी, उघडी सीट आणि पेट्रोलची टाकी. त्याने डोळे मिटले आणि मग त्याला हसू यायला लागलं. आधी ते तोंडातच राहिलं, मग आवरेना. होळीपासूनचं सगळं त्या हसण्यात होतं. पोतं, पाणी, बाभळी, व्याह्यांसमोरची खाली गेलेली मान. आपलं इंजिन बरोबर होतं, पंप बरोबर होता, हातही बरोबर होता. दौलतराव त्याला हसताना पाहून आधी रागावले, आणि मग त्यांच्याही तोंडून हसू सुटलं.

"होळीपासून," ते म्हणाले, "होळीपासून या बाईनं आपल्याले रस्त्यानं बसवलं, भिवाजी."

"अन वास नाई आला ना तवापासून?" कस्तुराबाई म्हणाल्या. "तेवढं तं कबूल करा."

भाऊसिंगच्या गाडीत कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीच्या दोन-चार फांद्या होत्या. त्याने एक लांब काटा मोडून दिला. भिवाजीने भोक मोकळं केलं, फुंकर मारली, झाकण लावलं. जीप पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.

"मंग बैल नाई लागत?" भाऊसिंगने विचारलं.

"नाई लागत."

"वरात राह्यली बा," तो म्हणाला आणि गाडीवर चढला.

शेलूबाजार मागे पडलं, तेव्हा सूर्य वर आला होता. कारंज्यापर्यंत जीप पुन्हा थांबली नाही. व्यापारी दुकानासमोरच उभा होता. त्याने जीपभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिले, बॉनेट उघडायला लावलं. सुतळी गुंडाळलेली तांब्याची नळी आणि मलमलची गाळणी पाहून तो म्हणाला, "हे काय लुगडं लावलंय?"

"चांगल्या घरचं हाये," भिवाजी म्हणाला.

"रस्त्यात थांबली कितीदा?" व्यापाऱ्याने दौलतरावांना विचारलं.

दौलतरावांनी पुढच्या सीटकडे पाहिलं. "एकदा," ते म्हणाले. "पन ती जीप नाई थांबली. आमच्या घरच्यानंच थांबवली."

व्यापाऱ्याला हे कळलं नाही आणि कोणी समजावूनही सांगितलं नाही. बोलणं चहापर्यंत गेलं. भिवाजीचा चहा दुकानाबाहेर जीपपाशी आला. आत काय ठरलं ते त्याला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर व्यापारी एवढंच म्हणाला, "मग सोमवारी माणूस पाठवतो." दौलतरावांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही.

परतताना भर दुपार होती. भिवाजीने पोतं भिजवलं नाही. तरी जीप न थांबता चालत राहिली. मालेगावच्या अलीकडे एक चढ आहे. तिथे ही जीप आठ वर्षं दुसऱ्या गिअरवर रखडत चढत आली होती. भिवाजीने तिसऱ्यावरच ठेवली. जाड नळीतून पेट्रोल पुरेसं येत होतं. इंजिनाने आवाज बदलला नाही. दौलतराव मागून वाकले, त्यांनी गिअरच्या दांडीकडे पाहिलं आणि पुन्हा मागे टेकून बसले.

"म्हंजे तुहे आठ दिवस फुकट नाई गेले," ते वर पोचल्यावर म्हणाले.

"नाई, पाटील."

"पन थांबली तं थांबली."

"हाव, पाटील. थांबली."

घरी पंचफुलाने सगळं ऐकून घेतलं. लाखेपर्यंत आल्यावर ती चुलीपुढे बसल्या जागी इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "हिंगाची डब्बी! बरोबर बोलली म्हातारी. मीबी तेच केलं असतं." मग पदर सावरत म्हणाली, "अन माह्या लुगड्याचा तुकडा? तो कामाचा नव्हताच मंग. वापस आना."

"तो राहू दे. त्याच्यानंच चढ चढली."

"खरं सांगता का माह्यं मन ठेवून राह्यले?"

"चढ चढली, पंचफुला. तिसऱ्या गिअरवर."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "इकनार हाये का तो?"

"माहीत नाई."

"बोलला काही?"

"नाई बोलला."

त्या रात्री भिवाजी होळीनंतर पहिल्यांदा अंग टाकताच झोपला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दौलतरावांकडून निरोप आला नाही, ना येण्याचा ना न येण्याचा. तो सोमवारी नेहमीच्या वेळी गेला.

सोमवारी सकाळी सव्वाआठच्या यष्टीने कारंज्याच्या व्यापाऱ्याचा माणूस मालेगावला उतरला. सोबत त्याने एक ड्रायव्हर आणला होता. घर विचारत दोघे आले, तेव्हा अंगणात जीप नव्हती. दौलतरावांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि चौकशी केली. घरातून कळलं की कस्तुराबाई उजाडताच तयार होऊन पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. शिरपूरला मावसबहिणीकडे जायचं आहे, एवढंच त्यांनी भिवाजीला सांगितलं. किती वाजता परतायचं, असं त्याने विचारलं, तर म्हणाल्या, "घाई नाई."

दौलतरावांनी पाहुण्यांसाठी चहा सांगितला. दहाला पुन्हा चहा झाला. अकराला त्या माणसाने जीप पुन्हा बंद पडली असेल का, असं विचारलं. दौलतराव म्हणाले, असू शकते.

बाराच्या सुमारास शिरपूरहून आलेल्या यष्टीतला एकजण सांगत होता की जीप त्याने पाहिली. जैन मंदिराच्या रस्त्यावर, कडुलिंबाखाली सावलीत उभी होती. भिवाजी स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, बॉनेट बंद होतं.

कारंज्याची दोन्ही माणसं अजून ओट्यावर आहेत. परतीची यष्टी चारला आहे.